हत्ती ई६ : बचावाची एक खेळी

बुद्धिबळात आक्रमणाला टाळ्या मिळतात, बचावाला मिळत नाहीत. आंतर-हाउस सामन्यात कुणी वजीर देऊन मात केली, तर रात्री मेसमध्ये त्याचीच चर्चा असते. पण दोन तास मार खात, चिवटपणे डाव अनिर्णित ठेवून संघाला अर्धा गुण मिळवून देणाऱ्या गड्याचे नावही कुणाच्या लक्षात राहत नाही. वास्तविक संघाच्या गुणतक्त्यात तो अर्धा गुण कधी कधी अख्ख्या ढालीएवढा मोलाचा असतो.

म्हणून या वेळी मराठी पानासाठी मी एका बचावाचा अभ्यास निवडला आहे. डाव आहे १९५३ सालचा. पांढरी मोहरी सॅम्युएल रेशेव्हस्कीकडे, काळी टायग्रान पेट्रोस्यानकडे. हा डाव अनिर्णित राहिला. तरीही बचाव शिकवणाऱ्या पुस्तकांत तो पुन्हा पुन्हा येतो, आणि तोही मुख्यतः एका खेळीसाठी. मित्रांनो, लेख नुसता वाचू नका. पट मांडा आणि खेळ्या हाताने करून बघा.

दोन खेळाडू, एक स्पर्धा

विश्वविजेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवण्यासाठी १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील नॉयहाउझेन आणि झुरिक येथे कँडिडेट्स स्पर्धा झाली. १५ खेळाडू होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे होते. त्या १५ जणांपैकी ९ सोव्हिएत संघाचे होते. अमेरिकेचा रेशेव्हस्की एकटाच होता.

रेशेव्हस्की मूळचा पोलंडचा. आठ वर्षांचा असताना तो एकाच वेळी अनेक मोठ्या माणसांशी खेळून त्यांना हरवत असे. या स्पर्धेच्या वेळी तो ४१ वर्षांचा, मुरलेला खेळाडू होता. पेट्रोस्यान २४ वर्षांचा होता. त्याचा जन्म तिबिलिसीतल्या एका आर्मेनियन घरात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो पोरका झाला आणि पोटासाठी त्याने रस्ते झाडण्याचे कामही केले. पुढे १९६३ मध्ये बोटविनिकला हरवून तो विश्वविजेता झाला आणि १९६९ पर्यंत ते पद त्याच्याकडे राहिले. त्याला हरवणे इतके कठीण होते की लोक त्याला ‘लोखंडी टायग्रान’ म्हणत.

खेळ्या लिहिण्याची पद्धत

आपल्या होस्टेलमध्ये प्रत्येक राज्याचा मुलगा मोहऱ्यांना वेगळ्या नावाने हाक मारतो. आपण ज्याला हत्ती म्हणतो, तोच बंगाली मित्राच्या तोंडी ‘नौका’ होतो, म्हणजे होडी! म्हणून आधी ठरवून घेऊ. व म्हणजे वजीर, ह म्हणजे हत्ती, उं म्हणजे उंट, घो म्हणजे घोडा. नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची खेळी. मारले असेल तर × हे चिन्ह आणि कॅसलिंगसाठी ०-०. उभ्या पट्ट्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. ‘हए-ई१’ म्हणजे ए पट्टीवरचा हत्ती ई१ वर गेला.

आक्रमण कसे उभे राहिले

१. डी४ घो-एफ६ २. सी४ ई६ ३. घो-सी३ उं-बी४ ४. ई३ ०-० ५. उं-डी३ डी५ ६. घो-एफ३ सी५ ७. ०-० घो-सी६ ८. ए३ उं×सी३ ९. बी×सी३ बी६ १०. सी×डी५ ई×डी५ ११. उं-बी२ सी४ १२. उं-सी२

या सुरुवातीला निम्झो-इंडियन बचाव म्हणतात. काळ्याने आपला एक उंट घोड्याच्या बदल्यात देऊन टाकला. त्यामुळे पांढऱ्याकडे दोन्ही उंट आहेत आणि मधली प्यादी भक्कम आहेत. ११व्या खेळीत काळ्याने सी४ केले. त्याने वजिराच्या बाजूला जागा मिळवली, पण मध्यावरचा दाब सोडला. आता पांढऱ्याला ई४ ची तयारी करायला मोकळीक मिळाली.

१२...उं-जी४ १३. व-ई१ घो-ई४ १४. घो-डी२ घो×डी२ १५. व×डी२ उं-एच५ १६. एफ३ उं-जी६ १७. ई४ व-डी७ १८. हए-ई१ डी×ई४ १९. एफ×ई४ हएफ-ई८ २०. व-एफ४ बी५

पांढऱ्याचा पहिला घोडा ८व्या खेळीत गेला, दुसरा १४व्या खेळीत. म्हणजे आता पांढऱ्याकडे एकही घोडा उरलेला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. सध्या मात्र पांढऱ्याचे चित्र जोरदार दिसते. डी४ आणि ई४ वर दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि त्यांच्यामागे वजीर आणि हत्ती आहेत.

२१. उं-डी१ ह-ई७ २२. उं-जी४ व-ई८ २३. ई५ ए५ २४. ह-ई३ ह-डी८ २५. हएफ-ई१

रेशेव्हस्कीने इथे घाई केलेली नाही. सी२ वरचा उंट आपल्याच ई४ च्या प्याद्यामुळे अडकला होता. त्याला डी१ वरून फिरवून त्याने जी४ वर आणले. तिथून तो ई६ आणि डी७ या दोन घरांवर नजर ठेवतो. मग दोन्ही हत्ती ई पट्टीवर एकामागे एक लावले. आक्रमण म्हणजे नुसते शहावर शह देणे नव्हे, हे त्याच्याकडून शिकावे. त्याने अजून एकही शह दिलेला नाही, पण सगळी मोहरी योग्य जागी आणली आहेत.

इथे थांबा

पटावरची स्थिती अशी आहे.

पांढरे : राजा जी१, वजीर एफ४, हत्ती ई१ आणि ई३, उंट बी२ आणि जी४, प्यादी ए३, सी३, डी४, ई५, जी२, एच२.

काळे : राजा जी८, वजीर ई८, हत्ती डी८ आणि ई७, उंट जी६, घोडा सी६, प्यादी ए५, बी५, सी४, एफ७, जी७, एच७.

मोहरी दोघांची सारखी आहेत. खेळी काळ्याची आहे. पुढे वाचण्याआधी पाच मिनिटे घड्याळ लावा आणि तुम्ही काय खेळाल ते वहीत लिहा.

आता पांढऱ्याची धमकी बघू. धमकी ‘आक्रमण होईल’ अशी मोघम नसते, तिला नेमकी खेळी असते. इथे ती आहे ई६. हे प्यादे पुढे सरकले की एफ७ वर घाव बसतो, ई पट्टी हत्तींसाठी उघडते आणि काळ्या राजापुढची भिंत फुटते. शिवाय पांढरा एच४, एच५ करून जी६ च्या उंटालाही हुसकावू शकतो. काळा नुसता बसून राहिला, एच६ सारखी वेळकाढू खेळी करत राहिला, तर पांढरा सवडीने ई६ करील आणि मग बचावाला काही उरणार नाही.

दुसरा प्रश्न असा की काळ्याचे सर्वात बिनकामाचे मोहरे कोणते? सी६ चा घोडा. समोर डी४ आणि ई५ ची प्यादी भिंतीसारखी उभी असल्याने त्याला पुढे काही करता येत नाही. पण याच घोड्यासाठी पटावर एक सोन्याचे घर आहे, डी५. पांढरे सी प्यादे सी३ वर अडकले आहे, कारण सी४ वर काळे प्यादे आहे. पांढरे ई प्यादे तर डी५ च्या पुढे निघून गेले आहे. म्हणजे डी५ वर बसलेल्या घोड्याला कोणतेही प्यादे हाकलू शकत नाही. तिथून तो डी४ च्या प्याद्याची वाट रोखतो आणि सी३, ई३, एफ४ या घरांवर मारा करतो.

मग अडचण काय? सी६ वरून डी५ ला जाण्याची जवळची वाट ई७ वरून आहे आणि ई७ वर काळ्याचा स्वतःचाच हत्ती बसला आहे. हा हत्ती ई पट्टी सोडून बाजूला गेला की लगेच ई६ येते. हलला नाही तर घोडा अडकलेला राहतो. आपल्याच माणसाने आपली वाट अडवली आहे, आणि शत्रूला अडवण्यासाठी तोच माणूस तिथे हवाही आहे.

खेळी

२५...ह-ई६!

पेट्रोस्यानने हत्ती एक घर पुढे नेऊन थेट प्याद्याच्या तोंडावर उभा केला. जी४ चा उंट त्याला फुकट नाही, पण स्वस्तात मारू शकतो. उंट देऊन हत्ती मिळवायचा. आपण सगळे पहिल्या दिवशी शिकलो की हत्तीचे गुण ५ आणि उंटाचे ३. म्हणजे दोन गुणांचा तोटा. कॉम्प्युटरच्या आधीच्या काळात, घड्याळ चालू असताना, बलवान प्रतिस्पर्ध्यासमोर बसून हा तोटा स्वतःहून पत्करायचा होता. आणि बदल्यात ना शह, ना लगेच मात, ना एखादे प्यादे.

मग मिळाले काय?

पहिली गोष्ट, ई प्यादे जागच्या जागी थांबले. हत्ती मारला गेला तर एफ७ चे प्यादे ई६ वर येऊन त्याची जागा घेते. म्हणजे पहारेकरी बदलतो, पण नाका बंदच राहतो.

दुसरी गोष्ट, ई७ मोकळे झाले. घोड्याला वाट मिळाली.

तिसरी गोष्ट सर्वात खोल आहे. जी४ चा उंट पांढऱ्या घरांवरून चालतो. हत्ती मारला की तो उंटही पटावरून जातो. आता डी५, ई६, सी४, डी३ ही सगळी घरे बघा. सर्व पांढरी आहेत. पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट मग फक्त काळ्याकडे राहतो. पांढऱ्याचा बी२ वरचा दुसरा उंट काळ्या घरांचा आहे आणि त्याच्या वाटेत सी३, डी४, ई५ ही स्वतःचीच तीन प्यादी आहेत. नावाला उंट, पण कोंडलेला. आणि घोडे तर पांढऱ्याचे केव्हाच संपले. म्हणजे डी५ च्या घोड्याला मारणारे हलके मोहरे पांढऱ्याकडे शिल्लकच राहत नाही.

पेट्रोस्यानने लहानपणी निम्झोविचची पुस्तके बारकाईने वाचली होती. पुढे येणाऱ्या प्याद्यासमोर मोहरे उभे करून त्याला जखडून टाकायचे, या कल्पनेवर निम्झोविचचा मोठा भर होता. ती कल्पना इथे पटावर उतरलेली दिसते.

पुढे काय झाले

२६. ए४ घो-ई७ २७. उं×ई६ एफ×ई६ २८. व-एफ१ घो-डी५

रेशेव्हस्कीने हत्ती लगेच मारला नाही. आधी ए४ करून बी५ च्या प्याद्यावर हल्ला केला, कारण बी५ पडले की सी४ चा आधार जातो आणि काळ्याची सगळी रचना सी४ वर उभी आहे. मोठा खेळाडू कसा विचार करतो ते इथे दिसते. त्याला मिळणाऱ्या हत्तीपेक्षा काळ्याची रचना मोडणे महत्त्वाचे वाटले. पण पेट्रोस्यान बी५ वाचवत बसला नाही, त्याने आपला घोडा चालता केला. घोडा डी५ वर आला की एफ४ च्या वजिरावर धाव घेणार, म्हणून वजीर आधीच एफ१ वर परतला. घोडा डी५ वर पोचला आणि पोचताच ई३ च्या हत्तीवर हल्ला झाला. ज्या बाजूचे आक्रमण होते, तिच्या दोन्ही मोठ्या मोहऱ्यांना मागे किंवा बाजूला जावे लागले.

२९. ह-एफ३ उं-डी३

आता दुसरा फटका. जी६ चा उंट डी३ वर आला. सी४ च्या प्याद्याचा त्याला आधार आहे आणि त्याने वजिरावर हल्ला केला आहे. पांढऱ्याच्या घरात काळा उंट आणि मध्यावर काळा घोडा, दोघांनाही हलवणे कठीण. मिळालेला हत्ती घेऊन बसण्यापेक्षा तो परत केलेला बरा, असे रेशेव्हस्कीने ठरवले.

३०. ह×डी३ सी×डी३ ३१. व×डी३ बी४ ३२. सी×बी४ ए×बी४

हिशेब बघा. काळ्याने उंटासाठी हत्ती दिला होता, पाच खेळ्यांनी पांढऱ्यानेही उंटासाठी हत्ती दिला. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त आहे. पण काळ्याचा घोडा आता पटावरचा सर्वात चांगला मोहरा आहे आणि बी प्याद्याला पुढे धावायला वाट आहे.

३३. ए५ ह-ए८ ३४. ह-ए१ व-सी६ ३५. उं-सी१ व-सी७ ३६. ए६ व-बी६ ३७. उं-डी२ बी३ ३८. व-सी४ एच६ ३९. एच३ बी२ ४०. ह-बी१ रा-एच८ ४१. उं-ई१, अनिर्णित.

पांढऱ्याचे ए प्यादे ए६ पर्यंत आले आणि तिथे अडले. काळ्याचे बी प्यादे बी२ पर्यंत गेले आणि तिथे अडले. दोघांनीही एकमेकांची वाट रोखली आणि अर्धा अर्धा गुण वाटून घेतला.

अर्धा गुणच तर मिळाला!

असे म्हणणारे मित्र भेटतात. ते पूर्ण चूक नाहीत. ही स्पर्धा पेट्रोस्यान जिंकला नाही. ती स्मिस्लोव्हने १८ गुणांनी जिंकली. ब्रॉनस्टाइन, केरेस आणि रेशेव्हस्की प्रत्येकी १६ गुणांवर राहिले आणि पेट्रोस्यान १५ गुणांसह पाचवा आला. पण २५व्या खेळीला काळ्याकडे काय होते ते आठवा. तिथून अर्धा गुण म्हणजे हातातून निसटलेली गोष्ट परत आणणे. बचावाचे मोजमाप शेवटच्या निकालावरून करायचे नसते. संकट किती मोठे होते आणि त्यातून किती वाचवले, यावरून करायचे असते.

आपल्याला ट्रेनिंगमध्ये सांगतात की संरक्षण म्हणजे खंदकात डोके खाली घालून बसणे नव्हे. कोणती जागा काही झाले तरी सोडायची नाही आणि कोणती सोडली तरी चालेल, हे आधी ठरवावे लागते. पेट्रोस्यानने तेच केले. हत्ती सोडला, पण डी५ आणि ई६ ही दोन घरे सोडली नाहीत. ज्याला सगळेच वाचवायचे असते, त्याच्या हातून बहुतेक वेळा नेमके महत्त्वाचे ते जाते.

आपल्या डावासाठी चार प्रश्न

अडचणीत सापडलात की घाबरून मोहऱ्यांची अदलाबदल सुरू करू नका. हे चार प्रश्न क्रमाने स्वतःला विचारा.

१. समोरच्याची नेमकी धमकी कोणती? खेळीचे नाव घेता आले पाहिजे. इथे उत्तर होते ई६.

२. माझे सर्वात बिनकामाचे मोहरे कोणते आणि पटावर त्याचे सर्वात चांगले घर कोणते? इथे सी६ चा घोडा आणि डी५.

३. त्या वाटेत कोण उभे आहे? समोरच्याचेच मोहरे असेल असे नाही, आपलेही असू शकते. इथे ई७ चा हत्ती होता.

४. ती वाट मोकळी करायला किती किंमत पडेल आणि समोरचा ती किंमत घेईल तेव्हा त्याचेही काय जाईल? इथे हत्ती गेला, पण पांढऱ्याचा चांगला उंटही गेला.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘द्या’ असे येणार नाही. डी५ सारखे पक्के घर नसेल, तर हत्ती देणे म्हणजे निव्वळ नुकसान. बरेच जण असा डाव बघतात आणि पुढच्या सामन्यात उगीचच हत्ती देऊन मोकळे होतात. बलिदान आधी आणि कारण नंतर, असा क्रम नसतो.

सराव

२५व्या खेळीनंतरची स्थिती मांडा आणि मित्राला पांढऱ्याकडून लगेच २६. उं×ई६ खेळायला सांगा. तुम्ही एफ×ई६ करा आणि घोडा ई७ वरून डी५ ला न्या. मग बाजू बदलून पुन्हा खेळा. आठवड्यातून दोनदा रात्रीच्या अभ्यासानंतर दहा मिनिटे पुरतात. जास्त हत्ती असूनही पांढऱ्याला वाट का सापडत नाही, हे वाचून कळते त्यापेक्षा खेळून लवकर कळते.

आणि शेवटची स्थिती मांडाल तेव्हा दोन गोष्टी शोधा. २३व्या खेळीत ई५ वर आलेले पांढरे प्यादे ४१व्या खेळीतही ई५ वरच आहे. २८व्या खेळीत डी५ वर बसलेला काळा घोडा त्यानंतर एकदाही हललेला नाही. दिलेल्या हत्तीची किंमत तिथे, त्या दोन घरांवर, शेवटपर्यंत उभी आहे.

– कॅडेट, इयत्ता दहावी